गॅप सॉफ्टवेअर: तीन वर्षं वापरून झाल्यावर

गॅप म्हणजे ग्रुप थिअरीची (सममितीचं बीजगणित) गणितं करणारं सॉफ्टवेअर. पीएचडी ग्रुप थिअरीत आणि सोबत कॉलेजात पदवीच्या पोरांना शिकवणं, दोन्हीकडे हेच वापरतोय. फुकट आहे, १९८६ मध्ये जर्मनीतल्या आखेनला सुरू झालेलं, आणि दिसतंही तसंच, काळी खिडकी नि कर्सर बस्स.

पण आतला माल जबरदस्त. २००० पर्यंतच्या ऑर्डरचे (म्हणजे तेवढे घटक असलेले) सगळे ग्रुप (१०२४ सोडून, ते ४९०० कोटींच्या वर आहेत, कुठे ठेवणार!) लायब्ररीत तयार. मला एकदा असा ग्रुप हवा होता की ज्यात दोन कॉम्युटेटरचा (a⁻¹b⁻¹ab अशा रूपाचे घटक) गुणाकार कधीकधी कॉम्युटेटर येत नाही, दोन दिवस कागद काळे केले, मग चार ओळींचा लूप लावला आणि चहा होईपर्यंत उत्तर आलं, सगळ्यात लहान ऑर्डर ९६. अर्थात का ते गॅप सांगत नाही, सिद्धता आपली आपणच करायची, गाइड तेवढ्यावर सोडत नाहीत.

वर्गात मात्र सांभाळून. गॅप परम्युटेशन (आकड्यांची अदलाबदल) डावीकडून गुणतं, आमचं पुस्तक उजवीकडून. फळ्यावर (१ २)(२ ३) चं उत्तर मी (१ २ ३) काढलं, स्क्रीनवर (१ ३ २), आणि मागच्या बाकावरून "सर चुकले" ऐकू आलं. अर्धा तास त्यातच गेला.

आज्ञेच्या शेवटी सेमीकोलन विसरलात तर ते नुसतं बघत बसतं, पहिल्या दिवशी मला वाटलं हँग झालं. पाचपैकी चार स्टार, एक त्याच्या एरर मेसेजेसचा कापला.