गोंगुरा पचडी: आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या श्रावणात शेजारच्या काकूंनी वाटीभर गोंगुरा पचडी आणून दिली. काकू मूळच्या गुंटूरच्या. पचडी म्हटल्यावर मला आपली गाजराची कच्ची पचडी आठवली, पण ही परतून वाटलेली निघाली. पहिल्याच घासाला ओळख पटली. अहो, ही तर अंबाडी! आई कण्या घालून शिजवायची आणि वरून लसणाची चरचरीत फोडणी ओतायची, तीच. तेलुगू घरांत तिला एवढा मान की ‘आंध्रमाता’ म्हणतात.

आधी विकतची बाटली आणली. मीठ इतकं की आंबटपणा कळेचना, आणि महिन्याभरात तेल खवट. मग काकूंकडून शिकून घरीच करायला लागले.

मंडईत लाल देठाची जुडी दिसली तर तीच घ्या, ती जास्त आंबट असते. पानं धुऊन पंचावर पसरून अगदी खडखडीत कोरडी करायची. दुसऱ्या खेपेला मी घाई केली, देठाशी ओल राहिली आणि बाराव्या दिवशी बरणीत पांढरी बुरशी. सगळी टाकताना फार जीव हळहळला.

तिळाच्या तेलात पाला पडला की हिरवा रंग बघता बघता शेवाळी होतो आणि कढईभर पाल्याचा मूठभर चिकट गोळा उरतो. कडेनं तेल सुटेपर्यंत परतायचा. भाजलेल्या सुक्या मिरच्या, धणे, मेथीदाणे, लसूण आणि मीठ आधी वाटून घ्यायचं, पाला शेवटी नुसता फिरवायचा. गुळगुळीत केलात तर चव जाते.

अंबाडीत लोह, कॅल्शियम, फोलेट आहे, पण चमचाभर पचडीतून ते कितीसं मिळणार? परतताना क जीवनसत्त्वही बरंचसं जातं. पोषणासाठी भाजीच करावी. पानांत ऑक्सॅलेटही असतं, मुतखडा होण्यात ज्याचा हात असतो ते. सासऱ्यांना मुतखड्याचा त्रास आहे, म्हणून त्यांच्या ताटात मी ही वाढत नाही. रक्तदाब असलेल्यांनी मीठ बघून घ्यावं.

गरम भात, तूप, पचडी आणि कच्चा कांदा ही काकूंची पद्धत. मला मात्र ज्वारीच्या गरम भाकरीवर जास्त आवडते. विकतचं लोणचं आमच्याकडे दिवाळीपासून आलेलं नाही. शेवटची बरणी फ्रिजमध्ये अडीच महिने उत्तम टिकली, आणि दुसऱ्या महिन्यात लसूण मुरल्यावर तिची चव पहिल्या दिवसापेक्षा कितीतरी चांगली लागली.