पुतळ्याच्या बोटीचे तिकीट: बॅटरी पार्कमधील आमची फसवणूक

सप्टेंबर २०२४ मधील एका मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास, मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला असलेल्या बॅटरी पार्कच्या तोंडाशी, मी आणि माझ्या पत्नीने १२४ डॉलर मोजून स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याची दोन तिकिटे घेतली आणि त्या दिवशी पुतळ्याच्या बेटावर आमचे पाऊलही पडले नाही. रुपयांत ही रक्कम दहा हजारांच्या वर जाते. मी ३४ वर्षे बँकेत नोकरी केली, त्यांतली शेवटची काही कर्जविभागात काढली आणि ‘सही करण्यापूर्वी कागद वाचा’ हे वाक्य समोर बसलेल्या इतक्या लोकांना ऐकवले की, हा प्रसंग लिहिताना मला संकोच वाटणे साहजिक आहे. तरीही लिहितो आहे, कारण मुलांकडे पहिल्यांदाच आलेली आमच्या वयाची जोडपी नेमकी याच वाटेने चालत जातात आणि तो माणूस, किंवा त्याच्यासारखा दुसरा कोणी, त्या वाटेवर उभा असतो.

आमचा मुलगा न्यू जर्सीत, जर्सी सिटीच्या जर्नल स्क्वेअर भागात राहतो. कामाच्या दिवशी त्याला सुट्टी मिळणे अवघड, म्हणून न्यूयॉर्क आम्ही दोघांनीच पाहायचे ठरले. तिकिटे आदल्या रात्री संगणकावरून काढून देतो असे तो म्हणत होता. ‘खिडकीवर रोख पैसे देऊन घेतलेले तिकीट बरे’ असे म्हणून त्याला थांबवणारा मीच. पत्नी साताऱ्याच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवत असे. फ्रेंच जनतेने दिलेली भेट, शिल्पकार बार्तोल्दी, आतला लोखंडी सांगाडा उभारणारा आयफेल (त्याचा पॅरिसचा मनोरा नंतरचा, हे ती मुलांना आवर्जून सांगत असे) आणि २८ ऑक्टोबर १८८६ रोजी झालेले लोकार्पण, हे सगळे तिला तोंडपाठ. पुतळा लांबून पाहण्याची तिला फारशी उत्सुकता नव्हती. पुतळ्याच्या हातातली मूळ मशाल १९८०च्या दशकातील दुरुस्तीच्या वेळी उतरवून तिच्या जागी नवी बसवली गेली. ती मूळ मशाल २०१९ साली बेटावर उघडलेल्या संग्रहालयात ठेवलेली आहे आणि तिच्यासमोर उभे राहायचे, एवढे एकच पत्नीने मनाशी ठरवले होते. बेटावरच्या हिरवळीवर बसून खाण्यासाठी तिने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती.

पाथ रेल्वेने वर्ल्ड ट्रेड सेंटर स्थानकावर उतरून आम्ही ब्रॉडवेने दक्षिणेकडे चालत निघालो. वाटेत ब्राँझच्या बैलाभोवती फोटोसाठी झुंबड उडालेली होती, ती ओलांडून उद्यानाच्या कोपऱ्याशी पोहोचलो, तोच अंगात निळे जाकीट घातलेला एक तरुण हसतमुखाने पुढे आला आणि ‘नमस्ते अंकल, स्टॅच्यू?’ असे त्याने विचारले. त्याच्या गळ्यात प्लॅस्टिकमध्ये बंद केलेले ओळखपत्र होते. त्यावर त्याचा फोटो, मुकुट घातलेल्या पुतळ्याचे चित्र आणि मोठ्या अक्षरांत इंग्रजीतला ‘अधिकृत’ हा शब्द होता. कोणी अधिकृत केले, कशासाठी केले आणि कोणत्या तारखेपर्यंत केले, याचा त्यावर कुठेही उल्लेख नव्हता. बँकेत असे ओळखपत्र कोणी टेबलावर ठेवले असते, तर मी ते उलटून पाहिले असते. तिथे मी फक्त मान डोलावली.

त्याचे बोलणे मी पुढे अनेकदा आठवून पाहिले आहे आणि दर वेळी मला त्याचे कौतुकच वाटले आहे, कारण त्यात निखालस खोटे असे वाक्य शोधावे लागते. ‘आजची मुकुटाची तिकिटे संपली आहेत,’ असे तो म्हणाला. ते खरे असणार, कारण मुकुटात चढण्याची तिकिटे फार मर्यादित असतात आणि बरीच आधी संपतात. बेटावर जाण्याचे साधे तिकीट मात्र खिडकीवर मिळत होते, ते त्याने सांगितले नाही. पाण्याच्या कडेला लागलेल्या रांगेकडे बोट दाखवून ‘ती सुरक्षा तपासणीची रांग, आमच्या बोटीला तपासणी नाही,’ असे तो म्हणाला. तेही खरे होते, कारण जी बोट बेटाला लागणारच नाही तिच्या प्रवाशांची तपासणी कशाला करायची? ‘बोट पुतळ्याकडे जाते, अगदी जवळ जाते, फोटोसाठी थांबते,’ हे तर शब्दशः खरे ठरले. पुतळ्याकडे जाणे आणि पुतळ्यापाशी उतरणे यांतले अंतर त्याने आमच्यावर सोडले होते आणि ते आम्ही, विशेषतः मी, मनातल्या मनात स्वतःच भरून काढले. सरळ खोटे एकच होते, ते रांगेला तीन तास लागतील हे.

गेटवे ऑफ इंडियाला घारापुरीच्या लाँचचे तिकीट वेगळे आणि बंदरात चक्कर मारून आणणाऱ्या लाँचचे वेगळे असते, हे मला चांगले ठाऊक आहे. मुंबईत असताना गावाकडून आलेल्या पाहुण्यांना मी हे बजावूनही सांगत असे. परदेशात गेल्यावर हे ज्ञान कुठे गेले, ते मला सांगता येत नाही. परक्या जागी आपले इंग्रजी कमी पडेल, आपण अडाणी दिसू, रांगेत उभे राहून पत्नीचे गुडघे दुखतील, अशा बारीकसारीक काळज्यांनी डोके भरलेले होते आणि त्या प्रत्येक काळजीवर त्या तरुणाकडे उत्तर तयार होते. पत्नीने मात्र विचारले होते, ‘अहो, समोर तिकीट खिडकी असेल ना, तिथे एकदा विचारू या का?’ मी म्हणालो, ‘तो अधिकृत आहे, गळ्यात कार्ड आहे त्याच्या.’ हे वाक्य ती अजूनही अधूनमधून ऐकवते.

प्रत्येकी ५८ डॉलर आणि वर दोघांचे मिळून आठ डॉलर सेवाशुल्क. रोख नको, कार्ड द्या, असे तो म्हणाला, त्यामुळे तर माझा विश्वास आणखी वाढला. लबाड माणूस रोख मागतो, असा माझा समज होता. त्याने हातातले यंत्र पुढे केले, मुलाने दिलेले कार्ड त्यावर टेकवले गेले आणि मग त्याच्या छोट्या पडद्यावर मी बोटाने सही केली. सहीच्या वर इंग्रजी मजकुराच्या चार-पाच ओळी होत्या, उन्हात त्या दिसत नव्हत्या आणि चष्मा पिशवीत दशम्यांच्या डब्याखाली होता.

तिकिटे हातात पडल्यावर बोट इथून सुटत नाही, असे कळले. दुसऱ्या एका जाकीटवाल्याच्या मागून आम्ही पंधरा-वीस जण पूर्वेकडे चालू लागलो. वाटेत प्रचंड अक्षरांत ‘स्टेटन आयलंड फेरी’ असे लिहिलेली व्हाइटहॉल टर्मिनलची इमारत लागली, तिच्याकडे आम्ही पाहिलेसुद्धा नाही. वीस मिनिटांच्या पायपिटीनंतर ईस्ट नदीच्या काठावरचा धक्का आला. बोट स्वच्छ होती, खुर्च्या चांगल्या होत्या, ब्रुकलिन पुलाखालून जाताना ध्वनिक्षेपकावर माहितीही सांगत होते, हे सगळे मान्य केले पाहिजे. मग बोट वळून बंदरात आली आणि हिरवट तांब्याचा तो पुतळा मोठा होत होत समोर आला. इंजिन मंदावले. पत्नीने पिशवी खांद्याला लावली आणि उतरण्याच्या तयारीने ती उठून उभी राहिली. आठ-दहा मिनिटे लोक फोटो काढत होते. बेटावरच्या धक्क्याला लागलेली दुसरी बोट दिसत होती, तिच्यातून माणसे उतरत होती. मग पाणी डावीकडे सरकू लागले आणि पत्नी म्हणाली, ‘अहो, ही वळते आहे.’

बोटीवरच्या मुलीला मी विचारले, तेव्हा तिने फार नम्रपणे सांगितले की ही बंदराची एक तासाची सफर आहे आणि ती कधीच बेटाला लागत नाही. हा प्रश्न तिला रोज विचारला जात असावा, कारण उत्तर द्यायला तिला विचार करावा लागला नाही. मी चष्मा काढून तिकीट वाचले. खालच्या कोपऱ्यात, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, बोट लिबर्टी बेटावर थांबत नाही आणि पैसे परत मिळत नाहीत, अशी दोन वाक्ये छापलेली होती. दशम्या आम्ही बोटीवरच खाल्ल्या.

आता व्यवहाराची माहिती, जी मला त्या दिवशी सायंकाळी मुलाकडून कळली आणि जी मी आधी विचारायला हवी होती. बेटावर उतरण्याची परवानगी ‘स्टॅच्यू सिटी क्रूझेस’ या एकाच कंपनीच्या बोटींना आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने तिला ते काम दिले आहे. तिकिटे त्या कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा बॅटरी पार्कमधील कॅसल क्लिंटन नावाच्या तांबूस दगडाच्या गोल किल्ल्यातील खिडकीवर मिळतात. आमच्या वेळी मोठ्या माणसाचे साधे तिकीट २५ डॉलरच्या आसपास होते, ज्येष्ठ नागरिकांना त्याहून थोडे कमी पडत असे आणि त्यात लिबर्टी बेट, एलिस बेट आणि कानाला लावून ऐकायची माहिती, असे सगळे येत असे. या बोटीची तिकिटे रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाकडे मिळत नाहीत, मग त्याच्या गळ्यात काहीही असो. आम्ही ज्या कोपऱ्यावर पैसे दिले तिथून तो किल्ला चार-पाच मिनिटांच्या अंतरावर होता आणि हे विक्रेते रेल्वे स्थानके व त्या किल्ल्याच्या मधल्या वाटांवरच उभे राहतात, हे सांगायला नको.

याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे अधिकृत बोट दोन ठिकाणांहून सुटते आणि त्यांतले दुसरे ठिकाण न्यू जर्सीतले लिबर्टी स्टेट पार्क, म्हणजे आम्ही राहत होतो त्याच जर्सी सिटीत आहे. नदी ओलांडून पलीकडे जाऊन आम्ही फसवून घेतले. आणि ज्यांना बेटावर उतरायचेच नाही, पुतळा पाण्यातून पाहिला की पुरे आहे, त्यांनी तर एक डॉलरही खर्च करू नये. व्हाइटहॉल टर्मिनलहून सुटणारी स्टेटन आयलंडची केशरी बोट पुतळ्यासमोरून जाते, साधारण २५ मिनिटांत पलीकडे पोहोचते, दिवसरात्र चालते आणि १९९७ पासून तिला भाडेच नाही. तिला तिकीट नसते, म्हणून तिचे तिकीट विकू पाहणारा माणूस भेटला तर पुढे बोलण्याची गरज उरत नाही. असेही लोक तिथे असतात, असे मुलगा म्हणाला.

एवढ्यावर शहाणपण आले म्हणावे, तर त्याच आठवड्यात सेंट्रल पार्कच्या दाराशी तीनचाकी सायकलरिक्षावाल्याने ‘फक्त आठ डॉलर’ असे सांगितले आणि मी बसायला निघालो. या वेळी पत्नीने आधी रिक्षाला लटकवलेला दरफलक वाचला. ते आठ डॉलर दर मिनिटाला होते.

तक्रारीचे काय झाले, तेही सांगतो. धक्क्यावरून परत येऊन आम्ही त्या कोपऱ्यावर गेलो, पण तो तरुण तिथे नव्हता. जवळच्या पोलिसाने शांतपणे ऐकून घेतले, तिकीट पाहिले आणि बोट खरोखर सुटली का, असे विचारले. सुटली, असे म्हटल्यावर त्याने शहराच्या ३११ या क्रमांकावर तक्रार नोंदवायला सांगितले. मुलाने ती नोंदवली आणि कार्ड देणाऱ्या बँकेकडेही रक्कम परत मिळण्यासाठी दावा केला. मधल्या काळात, ऑक्टोबरमधल्या एका रविवारी, तो आम्हाला लिबर्टी स्टेट पार्कवरून बेटावर घेऊन गेला. पत्नी त्या मूळ मशालीसमोर बराच वेळ उभी होती आणि जाडजूड वाटणाऱ्या त्या पुतळ्याचा तांब्याचा पत्रा जेमतेम अडीच मिलिमीटरचा आहे, हे तिने नातवाला समजावून सांगितले.

दाव्याचे उत्तर त्यानंतर दोन आठवड्यांनी आले. विक्रेत्याने माझ्या सहीची नक्कल, तिकिटावरच्या अटी आणि बोट ठरल्या वेळी सुटल्याची नोंद पाठवली होती. कबूल केलेली सेवा दिली गेली आहे, सबब रक्कम परत करता येत नाही, असा निर्णय होता. मी ते पत्र दोनदा वाचले, या वेळी चष्मा लावून. कागद पुरते होते, सही माझीच होती. त्या खुर्चीत मी असतो, तर मीही तोच शेरा मारला असता.