अपवर्क : घरबसल्या काम शोधणाऱ्यांना कितपत उपयोगी?

घरबसल्या काम मिळेल का, असे विचारणाऱ्या बहुतेकांना त्याआधीच एखाद्या व्हॉट्सॲप संदेशाने गाठलेले असते : नोंदणीचे थोडे पैसे भरा, दिलेले फॉर्म टाइप करा आणि महिनाअखेरीस हजारो रुपये मिळवा. काम पूर्ण झाले की अचूकता कमी पडल्याचे सांगून मोबदला नाकारायचा आणि वर करार मोडल्याची नोटीस पाठवून आणखी पैसे उकळायचे, ही या फसवणुकीची ठरलेली रीत आहे. काम देणारे ग्राहक आणि घरबसल्या काम करणारे यांची गाठ घालून देणाऱ्या अपवर्क या संकेतस्थळाचे मोल समजून घ्यायचे असेल, तर ते या पार्श्वभूमीवरच समजून घ्यावे लागते. मी मराठी अनुवादाचे आणि सबटायटल्सचे काम करते, त्यातले बरेचसे मला या संकेतस्थळावरून मिळते आणि माझे मत त्या वापरातूनच बनलेले आहे.

ईलान्स आणि ओडेस्क या दोन जुन्या कंपन्या एकत्र आल्या आणि 2015 मध्ये त्यांना अपवर्क हे नाव मिळाले. ग्राहक कामाची जाहिरात देतो, आपण प्रस्ताव पाठवतो, दर ठरतो आणि करार होतो, इतकी ही रचना सोपी आहे. तिचा खरा आधार पैशांच्या व्यवस्थेत आहे. ठरावीक रकमेच्या कामात ग्राहकाला त्या टप्प्याचे पैसे आधीच एस्क्रो खात्यात, म्हणजे काम होईपर्यंत पैसे राखून ठेवणाऱ्या मध्यस्थ खात्यात, जमा करावे लागतात. आपण काम सादर केल्यावर 14 दिवसांत त्याने काहीच उत्तर दिले नाही, तर ती रक्कम आपोआप आपल्याकडे वळती होते. परदेशातल्या अनोळखी माणसाकडून पैसे वसूल करण्याचा दुसरा कोणताही मार्ग हाताशी नसलेल्या माझ्यासारखीला ही हमी फार मोठी वाटते. म्हणूनच रक्कम जमा झालेली दिसत नाही तोवर एक ओळही अनुवादित करू नये, असे मी प्रत्येक नवख्याला आग्रहाने सांगते.

तासांवर मोजल्या जाणाऱ्या कामाची तऱ्हा वेगळी आहे. त्यासाठी संगणकावर एक ट्रॅकर चालू ठेवावा लागतो, जो दर दहा मिनिटांच्या अवधीत केव्हातरी आपल्या पडद्याचे छायाचित्र टिपतो आणि कळफलक व माउस किती वापरला याची नोंद ठेवतो. अनुवादकाचा निम्मा वेळ शब्दकोश चाळण्यात आणि एखाद्या वाक्यावर विचार करण्यात जातो, आणि त्या वेळी हात स्थिर असतात. हे या मोजमापाला कळत नाही. हाताने नोंदवलेल्या तासांना पैशांची हमी मिळत नाही, त्यामुळे अनुवादासाठी शब्दांवर किंवा सबटायटल्स असतील तर चित्रफितीच्या मिनिटांवर दर लावून ठरावीक रकमेचा करार करणेच मला योग्य वाटते. तासांच्या कामाचा आठवड्याचा हिशेब जागतिक वेळेनुसार, म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेपाचला बंद होतो आणि त्यानंतर सुमारे दहा दिवसांनी पैसे काढता येतात.

आता खर्चाची बाजू, जी पुरेशी कोणी समजावून सांगत नाही. प्रत्येक प्रस्तावासाठी कनेक्ट्स, म्हणजे प्रस्ताव पाठवायला लागणारी या संकेतस्थळाची टोकने, खर्ची पडतात, एका कनेक्टची किंमत 0.15 डॉलर असते आणि एका प्रस्तावाला असे बरेच कनेक्ट्स लागू शकतात. प्रस्ताव यादीत वर दिसावा म्हणून जादा कनेक्ट्सची बोली लावण्याचीही सोय आहे. जे अजून एक रुपयाही कमावत नाहीत, त्यांच्याकडूनच हा खर्च वसूल होतो, आणि या सेवेवरचा माझा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे. काम मिळाल्यावर कमाईतून शुल्क कापले जाते. 2023 पासून ते सरसकट 10 टक्के होते, तर मे 2025 पासून नव्या करारांना 0 ते 15 टक्क्यांपर्यंत कमी-अधिक लागते. करार स्वीकारण्यापूर्वी तो आकडा दिसतो, तो पाहूनच आपला दर सांगावा.

डेटा एंट्रीच्या विभागात मी कोणालाही जायला सांगणार नाही. तिथे ताशी किमान मर्यादेच्या, म्हणजे 3 डॉलरच्या, आसपासच्या दरांवर जगभरातले लोक तुटून पडतात, आणि टेलिग्रामवर या असे सांगणाऱ्या खोट्या जाहिरातीही त्याच विभागात जास्त आढळतात. करार होण्याआधी संभाषण बाहेर नेण्यास नियमानेच मनाई आहे, तेव्हा अशी विनंती आली की ती जाहिरात सोडून द्यावी. याउलट ‘मराठी’ हा शब्द टाकून शोधले तर कामे मोजकीच दिसतात, पण स्पर्धाही मर्यादित असते : ॲपचे मराठीकरण, मुलाखतींचे ध्वनिमुद्रण ऐकून ते लिहून काढणे, यंत्राने केलेला अनुवाद तपासणे, आवाजाचे नमुने देणे. अशा ग्राहकाला मराठी वाचता येत नाही, म्हणून प्रस्तावासोबत त्याच्याच मजकुरातील चार ओळींचा अनुवाद आणि विशिष्ट शब्द का निवडला याचे छोटे स्पष्टीकरण दिले, तर त्याला आपली पारख करायला काहीतरी हाती लागते. मोठा चाचणी-अनुवाद फुकट मागितला, तर मात्र नकार द्यावा.

इथे भेटलेल्या ग्राहकाशी पुढची दोन वर्षे व्यवहार इथूनच करावा लागतो, अन्यथा ठरलेले शुल्क भरून त्यातून मोकळे व्हावे लागते. शिवाय इथे मिळवलेले गुण आणि अभिप्राय दुसऱ्या संकेतस्थळावर नेता येत नाहीत. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांशी आणि अनुवाद संस्थांशी थेट जोडलेले काम मी सोडलेले नाही, आणि अपवर्कवर खाते उघडणाऱ्यांनीही ते सोडू नये.