मखराच्या रोषणाईसाठी एक्सलाइट्स

सोसायटीच्या आरास-स्पर्धेसाठी ढोल-ताशाच्या ठेक्यावर चालणारी 40 सेकंदांची रोषणाई बसवायचे ठरले, तेव्हा मी एक्सलाइट्स हे विनामूल्य, मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर निवडले. मुळात ते नाताळात घरांवर केल्या जाणाऱ्या रोषणाईसाठी घडले आहे. तरीही मखराची कमान त्यातल्या ‘आर्च’ने आणि मूर्तीमागची प्रभावळ ‘सर्कल’ने जशीच्या तशी मांडता आली.

त्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे मखराचा फोटो पार्श्वभूमीला ठेवून, एकही दिवा न जोडता, संपूर्ण हालचाल पडद्यावर पाहता येते. थर्माकोलऐवजी पुठ्ठ्याचे मखर अजून अर्धवटच उभे असताना आमचे निम्मे काम त्यामुळे उरकले होते. टाइमलाइनवर 25 मिलिसेकंदांची, म्हणजे सेकंदाला 40 चौकटींची (फ्रेम्सची), बारकाई मिळते आणि ताशाच्या तर्रीसाठी ती खरोखरच लागते. मात्र गाण्यातले ठोके आपोआप शोधणाऱ्या प्लगइनवर येथे विसंबू नये, कारण ढोलाची लय चढत जाते. शेवटी मी ध्वनिमुद्रण ऐकत एकेक खूण हाताने ठेवली, आणि या कामाला लागलेल्या नऊ संध्याकाळींपैकी चार त्यातच गेल्या.

प्रकाशाच्या तयार परिणामांची (इफेक्ट्सची) यादी लांबलचक आहे आणि तिचा मोह आवरणे कठीण जाते. पहिल्या आराखड्यात आमचा बाप्पा लग्नाच्या मांडवात बसल्यासारखा दिसत होता! अखेरीस प्रभावळ सावकाश उजळणे आणि कमानीवर दोन्ही बाजूंनी प्रकाश चढणे, एवढेच ठेवले.

जोडणीचे गणित मात्र आपल्यालाच करावे लागते. आमच्या 200 पिक्सेलना, म्हणजे स्वतंत्रपणे रंग बदलणाऱ्या दिव्यांना, लाल, हिरवा आणि निळा असे प्रत्येकी तीन धरून 600 चॅनेल लागले, आणि ई1.31 या नेटवर्कवरून दिव्यांना आदेश पाठवणाऱ्या पद्धतीच्या एका युनिव्हर्समध्ये, म्हणजे चॅनेलच्या एका गटात, 170 पिक्सेलच बसत असल्याने दुसरे युनिव्हर्स घ्यावे लागले. 5 व्होल्टचा एक पिक्सेल पूर्ण पांढरा पेटला की सुमारे 60 मिलिअँपिअर घेतो, म्हणजे एकूण 12 अँपिअर. आम्ही सुरुवातीला वीज एकाच टोकाने दिल्यामुळे माळेचा शेवट तांबूस दिसू लागला. दोन्ही टोकांना वीज देऊन आणि तेज 30 टक्क्यांवर आणून तो दोष गेला.

मराठीतून मार्गदर्शन मला सापडले नाही, आणि पहिल्या दोन दिवसांत खिडक्यांची गर्दी पाहून जीव दडपतो. नुसती धावती माळ हवी असेल, तर बाजारातला तयार कंट्रोलर पुरेसा आहे. दिव्यांनी ठेका धरावा असे वाटत असेल, तर गणपतीच्या किमान महिनाभर आधी हे सॉफ्टवेअर उघडावे.