लाँगयिअरब्येनची स्नोस्कूटर सहल: फोटोसाठी घ्यावी का?

नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवरच्या लाँगयिअरब्येन गावाहून बॅरेन्ट्सबर्ग या रशियन खाणगावाला जाणारी दिवसभराची स्नोस्कूटर (बर्फावर चालणारी स्कूटर) सहल मजेसाठी घेणार असाल तर बिनधास्त घ्या. फोटोसाठी घेणार असाल तर पाचपैकी अडीच गुण. जाऊन-येऊन शंभराहून जास्त किलोमीटर गाठायचे असतात, त्यामुळे थांबे मोजकेच. त्यातही हेल्मेट, गॉगल, जाड हातमोजे काढता-घालता निम्मा वेळ जातो. चालत्या स्कूटरवर मागे बसून फोटो काढायचा विचार सोडाच, इतके हादरे बसतात.

कॅमेरा सहल कंपनीने दिलेल्या जाड सूटच्या आत ठेवण्याची चूक बहुतेक जण करतात. अंगाच्या वाफेने तो ओलसर होतो आणि बाहेर काढताच काचेवर बर्फाचा थर धरतो. हा थर फुंकर मारून जात नाही, उलट वाढतो. कॅमेरा पाठीवरच्या पिशवीत गारच राहू द्या, आतल्या खिशात फक्त बॅटऱ्या ठेवा. उणे २० अंशांत भरलेली बॅटरीही लवकर मान टाकते. खिशात ऊब मिळाली की थोडी परत चालते. तीन तरी हव्यात. पिशवी स्कूटरमागे ओढल्या जाणाऱ्या स्लेजला (बर्फावरच्या घसरगाडीला) बांधू नका, आदळआपटीत लेन्सचे स्क्रू ढिले होतात.

महिना निवडणं सगळ्यात महत्त्वाचं. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत ध्रुवीय रात्र असते, २० एप्रिलच्या सुमारास सूर्य मावळायचाच थांबतो. डोंगरांच्या आडोशामुळे खुद्द गावात ऊन पोचतं ते ८ मार्चच्या आसपास. फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंतचा निळा-गुलाबी उजेड घ्यावा. उन्हात फोटोत बर्फ करडा येतो, कॅमेऱ्यात एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) एक ते दीड स्टॉप, म्हणजे एक-दीड पायरी, वाढवा. संधिप्रकाशात मात्र वाढवू नका, निळाई धुऊन जाते. कंपनीचे सूट गडद असतात, त्यामुळे पर्यटकांची रांग म्हणजे नुसते काळे ठिपके. लाल टोपी किंवा मफलर असलेल्याला पुढे घ्यायला सांगा. उडता बर्फ फोटोत स्थिर दिसायला शटरचा वेग १/१००० सेकंद ठेवा.

जाहिरातीतल्या पांढऱ्या अस्वलावर जाऊ नका. २०२५ पासून अस्वलापासून किमान ३०० मीटर, १ मार्च ते ३० जून ५०० मीटर अंतर राखावं लागतं. तेवढ्यावरून ६०० मिलिमीटरच्या लांब पल्ल्याच्या लेन्समध्येही ते लहानच दिसतं. ड्रोनला विमानतळापासून ५ किलोमीटरच्या आत बंदी आहे आणि गाव त्यातच येतं.

त्याच पैशात गावाजवळच्या अ‍ॅडव्हेंटडालन खोऱ्यातली कुत्र्यांची स्लेज बघा: वेग कमी, इंजिनाचा धूर नाही, आणि कुत्र्यांच्या तोंडची वाफ मागून येणाऱ्या उजेडात झकास दिसते. स्कूटरच हवी असेल तर एका गाइडमागे किती स्कूटर आणि किती थांबे, हे बुकिंगआधी विचारा.

परतल्यावर दाराबाहेरच मेमरी कार्ड काढून घ्या, मग उबेत बाष्प धरू नये म्हणून कॅमेरा हवाबंद पिशवीत घाला आणि दोन-तीन तास उघडू नका.