करिअर काउन्सेलिंगचा अनुभव (कोल्हापूर): साडेतीन हजारात 'स्कोप नाही'

रिव्ह्यू जरा उशिरा टाकतोय, मे महिन्यात गेलतो. नाव मुद्दाम देत नाही, माणूस वाईट नाही आणि कोल्हापुरात कोण कुणाचा पाव्हणा निघंल सांगता येत नाही. राजारामपुरीतलं एक करिअर काउन्सेलिंग सेंटर, एवढंच समजा. फी साडेतीन हजार, त्यात दीड तासाची ॲप्टिट्यूड टेस्ट, पाऊण तास सरांबरोबर बोलणं आणि वीस पानी कलर रिपोर्ट.

भाचीसाठी गेलतो. ती बारावी सायन्सला, घरच्यांना कॉम्प्युटर पाहिजे आणि हिचं म्हणणं "मामा, मी रोमन आर्किऑलॉजी करणार, ठरवलोय मी." आठवीत शाळेतनं टाऊन हॉल म्युझियमला नेलतं, तिथला पोसायडन बघून आली तवापासनंचं हे पुरातत्त्वाचं खूळ. ज्यांनी बघितला नसंल त्यांच्यासाठी सांगतो, सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या त्या म्युझियमच्या संग्रहात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची, रोमन व्यापारातनं आलेली ब्राँझची मूर्ती आहे, एक वीतसुद्धा उंच नाही, हातातला त्रिशूळ कधीच गेलेला. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४४-४५ च्या सुमारास राजाराम कॉलेजच्या प्रा. कुंदनगारांना ती आणि तिच्याबरोबर ब्राँझची भांडी, आरसा असलं बरंच सापडलं, आणि मग १९४५-४६ ला डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि मो. गं. दीक्षितांनी तिथं रीतसर उत्खनन केलं. आपण शिवाजी पुलावरनं हजार वेळा गाडी मारलीय, मला तरी हे भाचीनंच सांगितलं.

आधी चांगलं काय ते. वेळेत आत घेतलं, चहा बरा होता, टेस्ट घेणाऱ्या मॅडम एकदम समजूतदार, पोरगीला घाई केली नाहीत. पार्किंग मिळालं. हे पण लिहायला पाहिजे.

आता रिपोर्ट. त्यांच्या सॉफ्टवेअरच्या लिस्टमध्ये आर्किऑलॉजी नावाचा ऑप्शनच नव्हता. मॅडमनी बिचाऱ्यांनी "ह्युमॅनिटीज, इतर" निवडलं आणि उत्तर आलं काय तर लॉ, एचआर आणि हॉटेल मॅनेजमेंट. वीस पानांतली चौदा पानं कुणालाही लागू पडतील असली, तुम्ही संवेदनशील आहात, तुम्हाला टीममध्ये काम करायला आवडतं वगैरे. राशिभविष्य यापेक्षा स्वस्तात मिळतं ओ.

सर म्हणाले स्कोप नाही, जागा नाहीत. बरं, हे खोटं नाही, मी त्यांना दोष देत नाही. पण भाचीनं विचारलं सर भाषा कुठल्या शिकायच्या आणि कुठली आधी, तर म्हणाले फ्रेंच लाव, फ्रेंचला स्कोप आहे. आता गंमत अशी की हे चुकून निम्मं बरोबर निघालं!

कारण नंतर एका मित्राच्या बहिणीला फोन लावला, तिनं डेक्कन कॉलेजमधनं एम.ए. केलंय आणि आता परदेशात पीएच.डी. करतीय. तिनं अर्ध्या तासात फुकट सांगितलं ते असं. लॅटिन पाहिजेच, प्राचीन इतिहासाकडं जायचं असंल तर ग्रीक पण, आणि जर्मन, फ्रेंच, इटालियन बोलता आलं नाही तरी चालंल पण वाचता आलं पाहिजे कारण उत्खननाचे निम्मे रिपोर्ट त्याच भाषांत असतात. संस्कृत झालंय का विचारली, भाचीचं दहावीपर्यंत झालंय, तर म्हणाली मग लॅटिनच्या विभक्त्यांना घाबरू नको, सवय आहे तुला. पुण्यात डेक्कन कॉलेजला आर्किऑलॉजीत एम.ए. करता येतं, कॉलेजात शिकवायला लागणाऱ्या नेट परीक्षेत आर्किऑलॉजी हा वेगळा विषय आहे, पीएच.डी.ला इंग्लंडमध्ये साधारण तीन-चार वर्षं आणि अमेरिकेत पाच-सहा किंवा जास्त, आणि स्कॉलरशिप मिळाल्याशिवाय जायचंच नाही, कर्ज काढून तर अजिबात नाही. त्यानंतर वर्ष-दोन वर्षांची काँट्रॅक्टं, आज या गावात उद्या त्या गावात, पर्मनंट नोकरी मिळंलच असं नाही. २०२१ ला इंग्लंडमधल्या शेफिल्ड युनिव्हर्सिटीनं आपला नावाजलेला आर्किऑलॉजी विभाग बंद करायचं ठरवलं, तेपण तिनंच सांगितलं, काही लपवलं नाही.

पण तिनं एक गोष्ट सांगितली ती मला लई पटली. म्हणाली रोममध्ये खणायला इटलीतली पोरं आहेतच, तुझी वाट इकडनं आहे, म्हणजे भारत-रोम व्यापार. इथली खापरं, ब्राह्मी, प्राकृत हे ज्याला येतं आणि वर लॅटिन-ग्रीकही येतं अशी माणसं किती असतील? टॉलेमी या जुन्या ग्रीक भूगोलकारानं बालेओकुरोस नावाचा राजा लिहिलाय, आणि कोल्हापूर भागात विळिवायकुर नावाच्या राजाची धनुष्यबाण असलेली शिशाची नाणी सापडतात, दोन्ही एकच असा अभ्यासकांचा अंदाज. पेरिप्लस नावाच्या, समुद्री व्यापाऱ्यांसाठी लिहिलेल्या जुन्या ग्रीक माहितीपुस्तकातलं तगर म्हणजे आपलं धाराशिवजवळचं तेर. इजिप्तच्या बेरेनिके बंदरात भारतीय रांजणात साडेसात किलो काळी मिरी सापडलीय. आणि इटलीतल्या पाँपेईत १९३८ ला सापडलेली बाईची हस्तिदंती मूर्ती आपल्याकडचीच, इ.स. ७९ च्या ज्वालामुखीच्या राखेत गाडली गेलेली.

आणि कामाचा खरा नमुना म्हणजे खापरांचा किस्सा. पश्चिम भारतात मिळालेले बरेच तुकडे आधी रोमन दारूच्या अँफोराचे, म्हणजे दोन कानांच्या उंच रांजणांचे म्हणून नोंदवले होते, जुन्या खापरांच्या अभ्यासक रोबर्टा टॉम्बर बाईंनी परत एकेक तुकडा तपासला तर त्यातले कितीतरी मेसोपोटेमियाकडच्या (आजचं इराक) टॉर्पेडो जार नावाच्या लांबट रांजणांचे निघाले. आपल्या ब्रह्मपुरीच्या ब्राँझचं पण तसंच, रिचर्ड डी प्यूमा या अभ्यासकांनी नंतर एकेक वस्तू पारखून परदेशी कुठली आणि इथली कुठली ते वेगळं काढलं. म्हणजे कुणीतरी वर्षानुवर्षं पेट्या उघडून मातीचा कस बघत बसायचं, हा धंदा. भाचीला विचारलं जमंल का गं, तर म्हणाली मला तेच पाहिजे की.

सरांची चूक माझ्या मते एवढीच. जागा कमी आहेत हे शेजारचे काका पण सांगतात, फुकट. साडेतीन हजार घेतल्यावर वाट कुठली, किती वर्षांची, कुठं फसायला होतं हे सांगायला पाहिजे, आणि माहीत नसंल तर "मला दोन दिवस द्या, विचारून सांगतो" म्हणायला काय जातं?

तर इंजिनिअरिंगची ब्रांच, सीए का बीकॉम असला प्रश्न असंल तर जावा, टेस्ट बरी आहे, मॅडम चांगल्या आहेत. पोरगं जरा वेगळं काही म्हणत असंल तर त्या विषयातलं माणूस हुडकून फोन लावा. पाचात अडीच स्टार, त्यातला एक मॅडमचा.

भाची आता बी.ए. करून मग पुण्याला जायचं म्हणतीय, ताई अजून माझ्याशी नीट बोलत नाही. एक फॉलोअप सेशन शिल्लक आहे, दुसऱ्याच्या नावावर करून देतात म्हणे, तीन महिन्यांच्या आत. कुणाचं पोरगं कॉमर्सचं असंल तर सांगा.