टॉर्क रेंच: चौदा महिने, दोन रेंच आणि एक गेलेला आटा

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्याच्या कारेलीबागेत आमच्या पार्किंगमध्ये शिरलं, तेव्हा स्कूटर सीटपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर स्टार्टरला हात लावायचा नाही एवढं ठाऊक होतं, म्हणून ढकलत गॅरेजला नेली. तिथे आधीच मोठी रांग. ड्रेन बोल्ट, म्हणजे इंजिनाखालचा ऑइल काढायचा बोल्ट, काढला तर ऑइल दुधाळ कॉफीसारखं निघालं. मग नवीन ऑइल ओतायचं, थोडा वेळ इंजिन चालवायचं, काढायचं, परत ओतायचं, असं दोनदा केलं. म्हणजे एकाच दिवसात तो बोल्ट तीनदा उघडला आणि तीनदा आवळला, तोही लांब दांड्याच्या पान्याने. आवळणाऱ्या पोराला काय बोलणार, त्याच्यामागे अर्धं बडोदं उभं होतं.

नोव्हेंबरात मी घरी ऑइल बदलायला बसलो, तर बोल्टाबरोबर अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत वेटोळी बाहेर आली. बोल्ट पोलादाचा, केसिंग अ‍ॅल्युमिनियमचं, मग जाणार कोण? मेकॅनिकभाईंनी बॅटरी मारून पाहिलं आणि दोनच शब्द बोलले, "आंटा गया." हेलिकॉइल, म्हणजे भोक मोठं करून आत बसवायचे तारेचे नवे आटे, टाकून घेतले. "चाली जशे," म्हणाले, आणि अजून तरी चाललंय. टॉर्क रेंच, म्हणजे लावलेल्या आकड्याइतका जोर पडला की क्लिक करून सांगणारा पाना, मी त्याच रात्री मागवला.

कंपनीचं नाव सांगत नाही, कारण या किमतीतले क्लिकवाले रेंच सगळे एकाच साच्यातून निघाल्यासारखे दिसतात. पहिला घेतला तो अर्धा इंची ड्राइव्हचा (बोल्टावर बसणारं सॉकेट ज्यावर चढवतात ते चौकोनी टोक), २८ ते २१० न्यूटन-मीटरचा. न्यूटन-मीटर म्हणजे पिळण्याचा जोर मोजायचं माप. मोठा आकडा बघून भुललो. पार्सल फोडून सर्व्हिस मॅन्युअल उघडलं, तर माझ्या स्कूटरच्या ड्रेन बोल्टला २४ हवेत आणि दहा मिलिमीटर आट्याच्या स्पार्क प्लगला १० ते १२! ज्या बोल्टासाठी हे सगळं रामायण, तो बोल्ट या रेंचच्या खालच्या टोकाच्याही खाली. पंधरा दिवसांनी पाव इंची, ५ ते २५ चा दुसरा घेतला. दोन्ही मिळून साडेचार हजारांच्या आसपास गेले. तुम्ही स्कूटर-बाइकवाले असाल तर सुरुवात धाकट्यापासून करा. थोरला गाडीच्या चाकांसाठी.

अचूकतेचा कागद डब्यात येतो, त्यावर अधिक-उणे ४ टक्के लिहिलेलं असतं. पण ही हमी साधारणपणे कमाल आकड्याच्या २० टक्क्यांपासून वरच धरतात. २१० च्या रेंचवर ३० लावून काम करण्यात अर्थ नाही, तिथे तो अंदाजपंचेच बोलतो. शिवाय दांड्यावर दोन मोजपट्ट्या असतात, न्यूटन-मीटर आणि फूट-पाउंड. चुकीच्या पट्टीवर २४ लावलेत तर प्रत्यक्षात साडेबत्तीस पडतात, आणि मग पुन्हा हेलिकॉइल. मी फूट-पाउंडच्या पट्टीवर इलेक्ट्रिशियनची काळी टेप चिकटवून टाकली.

आता बाबांची गोष्ट. बाबा दांडिया बाजारातल्या वाड्यात वाढले, कलाभवनात, म्हणजे बडोद्याच्या तंत्रशिक्षणाच्या कॉलेजात, शिकले, पस्तीस वर्षं मशीनवर उभे राहिले. रेंच बघून म्हणाले, "बोल्ट किती आवळायचा हे हाताला कळत नसेल तर हा दांडा काय सांगणार?" मग पैज लागली. व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलाला जखडलेल्या शिकंज्यात, पोलादी पट्टी धरली, त्यात बोल्ट, आणि साधा रिंग पाना. दोघांनी आपापल्या अंदाजाने २४ आणायचे. नंतर रेंच कमी आकड्यावर लावून दोन-दोनने वाढवत गेलो. ज्या आकड्यावर क्लिक होण्याआधी बोल्ट जरासा सरकला तो धरायचा. थांबलेला बोल्ट पुढे सरकवताना घर्षण थोडं जास्त लागतं म्हणून ही मोजणी काही प्रयोगशाळेतली नाही, पण दोघांना नियम एकच. बाबांचा बोल्ट २४ वर सरकला. माझा धाकट्या रेंचला हललाच नाही. थोरला लावला तेव्हा ३८ ला सरकला. म्हणजे इतकी वर्षं ज्याला मी 'नीट घट्ट' म्हणत होतो ते दीडपट होतं. बाबा काही बोलले नाहीत, चहा घ्यायला आत गेले. ते न बोलणं जास्त लागलं.

थोरल्या रेंचचे पैसे पावागडच्या वाटेवर वसूल झाले असं म्हणायला हवं, जरी तो तेव्हा घरीच होता. हालोलच्या अलीकडे टायर बसला. चाकाचे नट आदल्या महिन्यात पंक्चरवाल्याने हवेच्या गनने चढवलेले. गाडीतला पाना जेमतेम २८ सेंटिमीटरचा, माझं वजन ७२ किलो. त्याच्यावर उभा राहिलो, म्हणजे दोनशेच्या घरात न्यूटन-मीटर झाले, तरी एक नट ढिम्म. मॅन्युअलमध्ये त्या नटाला ८५ लिहिलेत. शेवटी एका ट्रकवाल्याने त्याचा लोखंडी पाइप पान्यावर चढवून दिला तेव्हा सुटला. तेव्हापासून पंक्चर काढून घरी आलो की चारही नट सैल करून, समोरासमोरच्या क्रमाने, परत ८५ ला आवळतो, आणि पन्नास-शंभर किलोमीटर चालवल्यावर एकदा तपासतो. आट्यांना ऑइल-ग्रीस लावत नाही. लावलं तर तेवढ्याच क्लिकला बोल्टावर ताण बराच जास्त येतो.

तक्रारी आहेत. पहिली, धाकट्या रेंचची क्लिक फार हळू. गेल्या नवरात्रात सोसायटीच्या चौकात गरब्याचे स्पीकर लागले होते आणि मी खाली पार्किंगमध्ये ऑइल बदलत होतो (त्या वेळी ते काम काढायची अक्कल माझीच). क्लिक ऐकू आली नाही, अजून थोडं पिळलं, मग हाताला गचका जाणवला. हेलिकॉइल वाचलं, वॉशर चेपला. तो वॉशर तसाही दर वेळी नवीन टाकायचा असतो, दहा-वीस रुपयांचं काम आहे. तेव्हापासून कान सोडून मनगटावर भरवसा ठेवतो. हळू ओढायचं, झटका नाही, आणि क्लिक झाली की थांबायचं. खात्रीसाठी दुसरी क्लिक काढणं म्हणजे मोजलेल्यावर पाणी ओतणं.

दुसरी तक्रार अर्धी माझ्यावर जाते. हे रेंच आत दाबल्या स्प्रिंगवर चालतात, म्हणून काम झालं की आकडा सगळ्यात खाली आणून ठेवायचा असतो. गेल्या पावसाळ्यात थोरला ११० वर तसाच डब्यात राहिला, तीन महिने. बाहेर काढला तेव्हा शंका आली आणि पाण्याच्या कॅनची परीक्षा घेतली. ही सोपी आहे: रेंचचं चौकोनी टोक व्हाइसमध्ये पकडायचं, दांडा आडवा, मुठीवर, चौकोनी टोकाच्या मध्यापासून बरोबर ४० सेंटिमीटरवर, कॅन टांगायचा आणि मगाने पाणी वाढवत जायचं. नवा होता तेव्हा ८० वर लावलेला रेंच कॅनसकट २० किलोला वाजला होता. २० गुणिले ९.८१ गुणिले ०.४, म्हणजे साडेअठ्ठ्याहत्तर, आणि रेंचच्या स्वतःच्या वजनाचे अडीच-पावणेतीन, मिळून ८१. आता साडेअठरालाच वाजला. हिशेब पंचाहत्तरचा, जवळजवळ ६ टक्के कमी. मग खालच्या आकड्यावर दहा-बारा वेळा वाजवून आतलं ग्रीस फिरू दिलं आणि परत मोजलं, तर १९ किलो. चार टक्क्यांच्या आत आला, पण नव्यासारखा राहिला नाही. दर सहा महिन्यांनी आता हा कॅनचा खेळ होतो, सोसायटीतली पोरं बघायला जमतात.

मेहुण्याने एकदा थोरल्या रेंचने गंजलेला नट सोडवायला घेतला होता, लांब दांडा दिसला म्हणून. हातातून काढून घेतला. सोडवायला ब्रेकर बार वेगळा असतो, तो चारशे रुपयांत मिळतो, मेहुण्याला तोच भेट दिला.

वाघोडिया रस्त्यावर थोरल्या भावाच्या प्लॉटवर पेट्रोलवर चालणारं ब्रश कटर आहे, गवत कापायचं. मला वाटलं तिथेही रेंच कामाला येईल. मफलरचे (सायलेन्सरचे) बोल्ट कंपनाने सैल होतात, ते धाकट्या रेंचने छान बसले आणि सबंध पावसाळा हलले नाहीत. पण मुख्य काम पात्याच्या नटाचं, आणि त्याचे आटे उलटे असतात, नाहीतर पातं फिरता फिरता नट सुटून येईल. माझे दोन्ही रेंच एकाच बाजूला, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच मोजतात. उलट्या बाजूला रॅचेट (डोक्यातलं एकाच दिशेला पकडणारं दातेरी चक्र) फिरतं, पण क्लिक नाही. हे डब्यावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. तो नट अजून बाबा आवळतात.

धाकट्याच्या रॅचेटमध्ये थोडी ढिलाई आली आहे, सॉकेट जरा डुगडुगतं. थोरल्याच्या मुठीवरचं खाचांचं ग्रिप घामाने निसरडं होतं. एवढं सोडलं तर दोन्ही अजून रोजचे. धाकटा परत घेईन, थोरला घेताना ४० ते २०० असा कुठलाही चालेल, पण दोन्ही बाजूंनी मोजणारा बघेन.

आणि हो, मेकॅनिकभाई. हल्ली शनिवारी दुपारी त्यांचा फोन येतो, "पेलुं टक-टकवाळुं पानुं छे?" पोरगा स्कूटरवर येऊन धाकटा घेऊन जातो आणि संध्याकाळी परत देतो, नेहमी २४ वर तसाच. मी ५ वर आणून डब्यात ठेवतो.